पासष्टावी जागा

दि. ९ मार्च

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा आहे तसाच आहे आणि ती आहे तशीच कटकट करते. खिडकीची कडी मी स्वतः बसवली. तिरकी बसली, पण बसली.

ऑफिसात मी अजून सी लायब्ररीचं, म्हणजे प्रोग्रॅमरना लागणाऱ्या तयार फंक्शन्सचं, डॉक्युमेंटेशनच लिहिते. कोणतं फंक्शन काय करतं, त्याला किती जागा द्यायची, वगैरे. ते कोणी वाचत नाही, असं तू चिडवायचास. खरं तर एकटा तूच मन लावून वाचायचास, आणि तेच तुला भोवलं.

आता आडवळणं पुरे. ते हॅशचं फंक्शन आठवतं? कितीही मजकूर द्या, त्याची चौसष्ट अक्षरी खूण करून देणारं. ती ठेवायला मेमरीत चौसष्ट जागांचा बफर पुरे, असं मी लिहिलं होतं. खूण कुठे संपली हे कळायला तिच्या शेवटी एक शून्य बसतं, त्याला पासष्टावी जागा लागते. हे मी नव्या लोकांना शिकवते आणि लिहिताना मीच विसरले. तू ते वाचून तुझ्या प्रोग्रॅममध्ये चौसष्ट दिलेस. ते शून्य शेजारच्या आकड्यावर पडलं आणि ग्राहकांच्या नोंदी पुसल्या गेल्या.

चौकशीच्या दिवशी सकाळी मला चूक दिसली. मीटिंगआधी मी त्या पानावर गुपचूप पासष्ट केलं. साहेबांनी पान उघडलं तेव्हा तू म्हणालास, "मी चौसष्ट वाचलं होतं. ताई, तू सांग ना." आणि मी म्हणाले, "नीट वाचायचं होतंस."

तुझी नोकरी गेली. मी घरी येऊन जेवले, बारक्या. पोटभर जेवले.

काल तुझ्या बायकोचा फोन आला. तू कॉम्प्युटरला हात लावत नाहीस, औषधाच्या बाटलीवरचं लेबलही तिच्याकडून वाचून घेतोस म्हणाली. मी आज साहेबांना सगळं सांगितलं, जुन्या पानाची नोंद दाखवली. "दीड वर्षानं कशाला उकरून काढता," म्हणाले. तुझ्या जागेवर दुसरा बसतो. मला कोणी शिक्षासुद्धा केली नाही.

माझ्या हातात आता काही नाही. जुनं पान सोबत जोडलंय. माफी मागायला मला तोंड नाही. तू चौसष्टच वाचलं होतंस, एवढं तरी खरं मान.

भरल्या मीटिंगमध्ये तुला खोटं पाडणारी,
ताई