मामांची धार

सोलापूर
२० नोव्हेंबर २०२३

तीर्थरूप आत्यास,
प्रियंकाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही, पण कागदावर तुझी जीभ चांगली चालते. दिवाळीला पाठवलेले टॉवेल पाणी टिपत नाहीत, असं लिहिलंस. आत्या, नवा टॉवेल आधी दोन-तीनदा धुवायचा असतो. भाची टॉवेलच्या कारखान्यात आहे, एवढं तरी तिचं ऐक.

आमच्या ऑफिसात सध्या डबे उघडले की डोंगरांवरून भांडणं होतात. पृथ्वीराजला कळसूबाईपुढे दुसरं काही दिसत नाही, मी हरिश्चंद्रगडाची बाजू घेते. अक्कलकोटकडचे शिवशरण अण्णा म्हणतात, आमच्याकडं बरं हाय, सगळं सपाट. पुढच्या महिन्यात मात्र आम्ही भोरच्या वरच्या घोडेधारेला जायचं ठरवलंय. नाव ऐकलं आणि माझा घास हातातच राहिला. मेंढरं घेऊन कोकणात उतरताना आदिनाथदादाचे वडील, आपले ज्ञानबा मामा गेले आणि त्यांना मूठमाती दिली, तीच ना ही धार? तुझी इच्छा असेल तर मी भंडारा वाहून येते. जागा कशी ओळखायची तेवढं कळव.

आदिनाथदादाला नमस्कार. माया आहेच, रागावतानाही ती असू दे.
तुझी, प्रियंका

•

वस्तीवरून, ता. सांगोला
२९ नोव्हेंबर २०२३

चि. प्रियंकास,
म्हाळसा आत्याचे अनेक आशीर्वाद.

सुट्टी काढून डोंगर चढायचा आणि पुन्हा खाली यायचं, याचं मला हसू येतं. आम्हाला लाडका डोंगर कुठला हे मेंढरं ठरवायची. जिथे चारा-पाणी, तो डोंगर गुणाचा. तरी तू विचारलंस म्हणून सांगते, माझीही लाडकी ती घोडेधारच. तिथे बसलं की एका अंगाला देश दिसतो, एका अंगाला कोकण. तुझे मामा म्हणायचे, म्हाळसे, हितं बसलं की घर लई लांब वाटत न्हाय.

त्या साली गारा पडल्या, त्यांना ताप भरला आणि तिथेच ते गेले. आदिनाथ तेव्हा माझ्या पोटात होता. मेंढरं काही थांबत नाहीत, दुसऱ्या दिवशी आम्हाला निघावं लागलं. पुढे दरसाल जाता-येता मी भंडारा वाहिला. आदिनाथ शाळेपायी आजीपाशी राहिला, तो कळपाबरोबर कधी आलाच नाही. मग त्याने मेंढरं विकली आणि माझंही जाणं तुटलं. मी गेल्यावर ती जागा कुणालाच ठाऊक नसेल, एवढा एकच घोर मला आहे.

धार चढलीस की हिरड्याचं झाड लागेल. तिथे कोकणाकडे तोंड करून उभी राहा. डाव्या हाताला उभा दगड आहे.

जपून जा. जेवत जा, फोटोत हाडं दिसतात.
तुझी आत्या

•

सोलापूर
२६ डिसेंबर २०२३

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काम झालं. झाड दिसलं नाही, पण धारेवर उभा दगड एकच होता, चांगला घडवलेला. भंडारा लावला, नारळ फोडला. पृथ्वीराजनेसुद्धा टोपी काढून हात जोडले. मला मामा माहीत नाहीत, तरी रडू आलं. फोटो छापून सोबत पाठवलाय. आता घोर सोड.

तुझी, प्रियंका

•

वस्तीवरून
५ जानेवारी २०२४

चि. प्रियंकास,
अनेक आशीर्वाद.

फोटो बघितला. पोरी, तो फॉरेस्टवाल्यांचा हद्दीचा दगड आहे. तुझ्या भंडाऱ्याखाली त्यांचा नंबर दिसतोय. मी इतकी हसले की मी रडतेय असं वाटून आदिनाथ धावत आला. मग खरंच रडू फुटलं.

तुझी चूक नाही. ती जागा पायांना ठाऊक आहे, ती पत्रात कशी मावणार? मीच येते. आदिनाथ म्हणाला, आई, तुजं गुडगं बग की. मी म्हटलं, मेंढरं विकताना मला विचारलं व्हतंस का? तो म्हणाला, गाडी मी चालवतो. तुझी सुट्टी कधी ते कळव.

तुझी आत्या

•

वस्तीवरून
१२ फेब्रुवारी २०२४

चि. प्रियंकास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. गुडघे बोलतात, पण मन शांत आहे. चढताना आणि उतरताना तू माझा हात एकदाही सोडला नाहीस. टोमणे मारणाऱ्या आत्याला कधी सांगता आलं नाही, पण तू मला लेकीहून कमी नाहीस.

एक गोष्ट मात्र तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. धारेवर आता गाडीवाट पाडली आहे. झाड गेलं, दगड उलथेपालथे झाले. मी इकडेतिकडे फिरत होते तेव्हा तुम्हाला वाटलं, म्हातारी दम खातेय. मी जागा शोधत होते आणि मला ती सापडली नाही. मागे वळून बघितलं तर आदिनाथ चपला काढून, भंडाऱ्याची पुडी हातात घेऊन उभा. मला नाही म्हणवलं नाही. जवळच्या एका दगडावर हात ठेवला आणि म्हटलं, ह्योच.

त्याने त्या दगडावर डोकं टेकलं ते तू बघितलंस. बापाचं तोंडही न बघितलेलं ते लेकरू, लहान पोरासारखं हुंदके देत होतं. त्याला हे कधी सांगू नकोस. आजपासून तोच दगड मामांचा. माझे पाय आता थकले, पुढच्या वर्षी तुम्ही दोघं बहीण-भाऊ जा आणि तिथेच भंडारा वाहा.

तुझीच,
म्हाळसा आत्या