मागच्या केसांचा प्रश्न

२६ एप्रिल, शनिवार

माझी हेर्डिस आणि तिची मैत्रीण मारित यांचं भांडण झालं. कारण आस्लाक. वरच्या धक्क्यावरचा, दोन पायांचा, वय सोळा. सुट्टीत सॅमनच्या पिंजऱ्यांवर काम करतो आणि आपल्या शनिवारच्या खाऊतल्या ज्येष्ठमधाच्या गोळ्या पाण्यात टाकतो. त्या फक्त आपल्यासाठी, असं माझ्या मुलीला वाटत होतं. तिच्या मैत्रिणीलाही तसंच वाटत होतं. आज दोघींनी आपापला साठा काढून दाखवला.

शनिवार केसांचा. आम्हा शेपटीवाल्यांत मागचे केस कुणी स्वतः विंचरत नाही. हात पोचत नाही, आणि पोचला तरी बरं दिसत नाही. मैत्रीण असते, बायको असते. गेलं वर्षभर हेर्डिस मारितकडे जायची. आज कंगवा घेऊन माझ्यापुढे पाठ करून बसली. म्हणाली, "बाबा, तूच कर. आणि बोलू नकोस."

बोललो नाही. टोकांपासून सुरुवात केली, जमेल तितकं हळू.

एवढी जुनी मैत्री. बापानेच मध्ये पडायला हवं. सोमवारी मारितशी बोलायचं, नक्की.

२८ एप्रिल

बोललो नाही. मारितच्या घराकडे जाताना प्रवाह उलटा. कॉलेजात मी प्रवाहच शिकलो, त्यामुळे सोमवारी तो उलटा असणार हे शनिवारी ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतं का? बहुधा.

३ मे, शनिवार

पुन्हा केस. हेर्डिस आपणहून बोलायला लागली. वारा सुटला की आस्लाकचे कान लाल होतात म्हणे. मी म्हटलं, रक्ताभिसरण उत्तम असणार. ती हसली. माझी बायको बोर्गहिल्ड खुल्या समुद्रात राहायला गेल्यापासून या घरात कुणी हसलं नव्हतं, मी धरून.

मग मारित अमुक म्हणाली असती, मारितने तमुक केलं असतं. जेवण होईपर्यंत तेच. मी कॉडची गाभोळी पुढे सरकवत राहिलो.

स्वतःला विचारलं: हे भांडण लांबावं असं मला वाटतं का? प्रामाणिक उत्तर: नाही. पण घाईने मिटवलेली भांडणं पुन्हा उपटतात.

माझे मागचे केस फार गुंतलेत. पुढच्या वेळी बघू, म्हणाली.

८ मे

बाजारात हेरिंग घेताना मारित भेटली. डोळे सुजलेले, केसांचं घरटं. तिला आई नाही आणि आजीला दिसत नाही, म्हणजे तिचेही कुणी केले नसणार. तिने हळूच विचारलं, "काका, हेर्डिस माझ्याबद्दल काही बोलते का हो?"

मी म्हणालो, सध्या ती अभ्यासात आहे.

हे खोटं नाही. शाळा चालू आहे.

९ मे

तिने निरोप पाठवला नव्हता, प्रश्न विचारला होता. प्रश्नाचं उत्तर मी दिलं. दिवसभर हे स्वतःला समजावलं. पटलं नाही.

उद्या हेर्डिसला सगळं सांगणार.

१० मे, शनिवार

डावी बाजू झाली की सांगू, असं ठरवलं. मग उजवी झाली की. मग ती माझ्या खांद्याला टेकून झोपून गेली. झोपलेल्या पोरीला काय सांगायचं?

१७ मे, शनिवार

वर राष्ट्रीय सण. शाळेचा बँड, आस्लाक ट्रॉम्बोनवर. दोघी धक्क्याखाली येणार हे उघड होतं. मीही जायचं, समेट घडवायचा. भाषण तयार केलं, तीन मुद्द्यांचं. पाठ करण्यात उशीर झाला.

पोचलो तेव्हा समेट झालेला. नंतर कळलं ते असं: एक खांबाच्या या बाजूने, दुसरी त्या बाजूने, दोघी चोरून वर बघत होत्या. वाजवून झाल्यावर आस्लाकने ट्रॉम्बोन खाली ठेवला आणि बासरीवाल्या मुलीचं चुंबन घेतलं. तिला पाय आहेत, सायकलही आहे. या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आधी रडल्या म्हणे, मग मारित म्हणाली, "कान बघितलेस का गं त्याचे, उकडलेल्या कोळंबीसारखे?" मी आलो तेव्हा हसून हसून शेवाळाला धरून लोंबकळत होत्या.

तरीही भाषण सुरू केलं. "गैरसमज" या शब्दापर्यंत गेलो.

मारित म्हणाली, "पण काका, तुम्हीच तर म्हणालात ती अभ्यासात आहे."

हेर्डिस माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, मी पुस्तक तरी उघडलं होतं का?"

मी म्हणालो, बँडमुळे नीट ऐकू येत नाहीये. बँड कधीच थांबला होता.

२४ मे, शनिवार

कंगवा काढून ठेवला. वाट बघत नव्हतो, नुसता बसलो होतो.

दोघी आल्या. छान विंचरलेल्या, सारख्या वेण्या घातलेल्या. रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर काहीतरी बोलता आलं असतं. हेर्डिस म्हणाली, "बाबा, वळ."

वळलो. केसांना किती दिवसांनी कुणाचा हात लागला. डोळे मिटले. मागे दोघींची कुजबुज. मारित म्हणाली, सुटण्यासारखं नाही हे, काका. मग शिंपल्याच्या धारेचा आवाज. मानेपर्यंत सगळे कापले.

"आता तुला कुणाची गरज नाही लागणार," हेर्डिस म्हणाली. अगदी मायेने म्हणाली. मग दोघी मारितकडे राहायला गेल्या. आता दर शनिवारी तिकडेच.

सोय झाली हे खरं. हात मागे पोचतो. विंचरून पाहिलं. लगेच संपतं.