हिरवं बटण कोणी दाबायचं

मी, गुरुदत्त नारायण शेवडे, वय अडुसष्ट, धंदा पूर्वी पंपांची इंजिनिअरिंग आणि आता बागेत बसणं, कायम राहणार मे रिम, जिल्हा चियांग माय, थायलंड, सध्या मुक्काम थोरल्या बहिणीच्या घरी, शॉमबर्ग, इलिनॉय, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप तेवढी ठिकाणावर नाही. ती सोमवारी बदलणार आहेत. अमेरिकेचं मेडिकेअर देशाबाहेर चालत नाही, म्हणून चिरफाडीसाठी एवढ्या लांब यावं लागलं. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. बहीण चहाच्या निमित्तानं दोनदा डोकावून गेली, पण ते दडपणात धरू नये. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र मी रद्द करतो, कारण ते एकट्या माणसानं केलेलं होतं. या कागदाचं इंग्रजी भाषांतर आमचे वकील चि. शंतनू यांनी सोबत जोडलं आहे. दोन्हींत फरक निघाला तर मराठी खरं मानावं. मला काय म्हणायचं आहे ते मला मराठीतच नीट कळतं.

कलम १. नात्याबद्दल.

श्री. प्रासित खामवान, वय एकसष्ट, चियांग मायच्या पोस्ट ऑफिसातून निवृत्त, हे माझे जोडीदार आहेत. जिथे जिथे कायद्यानं 'पत्नी' असं म्हटलं असतं, तिथे तिथे प्रासित असं वाचावं. आजवर हे कुठल्याच कागदावर आलेलं नाही. थायलंडच्या दप्तरात मी 'निवृत्त परदेशी' आहे, अमेरिकेच्या व्हिसा अर्जात ते माझे 'मित्र' आहेत, आणि भारतात आम्ही दोघं मिळून एक गुन्हा होतो. या नात्याचा हा पहिला कागद, म्हणून अक्षर जरा वळणदार काढतो आहे.

आमची ओळख कशी झाली हे शॉमबर्गच्या मराठी मंडळातल्या बऱ्याच लोकांनी आपापल्या मनानं रचलेलं आहे, म्हणून खरं काय ते सांगतो. २००१ साली निवृत्त झालो आणि स्वस्तात दात करून घ्यायला चियांग मायला गेलो. ताईला कार्ड पाठवायला पोस्टात शिरलो. तिकीट चिकटवायला जीभ बाहेर काढली, तर काउंटरपलीकडच्या गृहस्थांनी ओल्या स्पंजाची डबी पुढे सरकवली आणि हसले. मला बघून कोणी असं हसावं याची मला सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी मी आणखी कार्डं घेऊन गेलो. त्या महिन्यात शॉमबर्गच्या निम्म्या मराठी मंडळींना माझी कार्डं आली, त्यामागे एवढंच कारण होतं. दात झाले, आणि मी परत आलो तो फक्त घर विकायला.

कलम २. घर.

मे रिमचं घर माझं नाही. तिथे परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही, म्हणून घर आणि जमीन पहिल्यापासून प्रासित यांच्याच नावावर आहे. वाटून देण्यासारखं माझ्याकडे त्यात काही नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी धुकं असताना भिख्खू अनवाणी रांगेनं येतात. प्रासित गुडघे टेकून त्यांच्या पात्रात भात घालतात आणि मी मागे डबा धरून उभा असतो. पहिल्या दिवशी मी डबा घेऊन दाराआडच उभा राहिलो. शॉमबर्गला मी चौतीस वर्षं काढली, एकटाच राहायचो, तरी दिवेलागणीला सगळे पडदे ओढून घ्यायचो. बघण्यासारखं आत काहीही नव्हतं. मे रिमला दार सताड उघडं असतं आणि आत आम्ही दोघं पेपर वाचत बसलेले असतो. समोरची बाई आंबे देते तेव्हा दोन पिशव्या देत नाही, दोघांची मिळून एक देते. त्या एका पिशवीचं नवल मला अजून पचलेलं नाही. देवानं हे माझ्यासाठी राखून ठेवलं होतं, आणि तेही दात पडायच्या वयात, या विचारानं मी कधीकधी पायरीवर नुसता बसून राहतो.

कलम ३. शिल्लक.

माझं पेन्शन माझ्याबरोबर संपेल, कारण जोडीदार म्हणून प्रासित यांना ते मिळत नाही. त्याची भरपाई म्हणून निवृत्ती खात्यातली सगळी रक्कम त्यांना द्यावी. शॉमबर्गच्या बँकेत जे असेल ते ताईची नात चि. अनया हिच्या कॉलेजसाठी. भाचा चि. केदार याला माझी हत्यारांची पेटी, पान्यांच्या संचासकट. नळ गळला की तो अजून प्लंबरला फोन करतो, आणि माझ्या भाच्याला ते शोभत नाही.

कलम ४. श्री. बाळ कोल्हटकर-देव... हे नाव खोडतो, आडनाव लिहिण्याची गरज नाही, शॉमबर्गात कोणालाही विचारा.

श्री. बाळ यांना माझी हार्मोनियम. ती त्यांनी गणपतीच्या आरतीसाठी नेली आणि अजून त्यांच्याकडेच आहे. २००३ साली ताईला भेटायला आलो आणि गणपतीला प्रासित यांना घेऊन गेलो, तेव्हा याच गृहस्थांनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "गुरू, काय आहे, फॅमिली इव्हेंट आहे रे. लहान मुलं असतात." प्रासित तेव्हा त्याच लहान मुलांना केळीच्या पानाच्या होड्या करून देत होते. तर हार्मोनियम त्यांना कायमची दिली. तिचा काळी चारचा स्वर बसका आहे, तो त्यांनी माझी आठवण म्हणून तसाच ठेवावा.

कलम ५. माझा देह.

हे मुख्य कलम. बाकी सगळं नाही झालं तरी चालेल.

इथल्या स्मशानगृहात सरण नसतं. काचेमागे भट्टी असते आणि भिंतीवर एक हिरवं बटण. घरचा थोरला मुलगा ते दाबतो, आणि त्यालाच आपण अग्नी देणं म्हणतो. मला मूल नाही, म्हणून ताईनं परस्पर केदारला नेमलं होतं आणि अस्थी नाशिकला न्यायचंही ठरवलं होतं. मी म्हणालो, बटण प्रासित दाबतील आणि अस्थी मे पिंग नदीत जातील.

"हे बघ," ताई म्हणाली, "पोस्टमास्तर आले तर येऊ देत. मागे उभे राहतील."

मागे उभं राहणं काय असतं ते मी तिला सांगितलं, जरा आवाज चढवूनच. त्यावर एकाच घरात आमचा अबोला सुरू झाला. मीठसुद्धा केदारमार्फत मागत होतो.

मग तपासणीचा दिवस आला. इस्पितळात ताईला आत सोडलं. प्रासित यांना नर्स म्हणाली, "सॉरी, फॅमिली ओन्ली." ताई बाहेर आली तेव्हा ते माझे बूट मांडीवर घेऊन बसले होते. थाई माणूस दुसऱ्याच्या पादत्राणाला सहसा हात लावत नाही. हे ताईला माहीत नव्हतं, पण तिनं बूट बघितले. घरी येऊन ती थेट स्वयंपाकघरात गेली. तांदूळ भिजत घातले.

अधिक महिना चालू होता. पुढच्या पिढीसाठी खुलासा करतो: तीनेक वर्षांनी येणाऱ्या या महिन्यात जावयाला विष्णू मानून जेवायला बोलावतात, पुरण भरलेले धोंडे वाढतात आणि तेहतीस अनारशांचं वाण देतात. रविवारी अनारशांच्या धुरानं स्मोक अलार्म बोंबलला, तसा केदार धावत खाली आला.

"आई, एवढं कोणासाठी?"

"जावयासाठी."

"व्हॉट जावई? अगं, तुला मुलगीच नाहीये."

"गुरू आहे ना. आईमागे मीच वाढवलाय त्याला. अलार्म बंद कर आणि पाट मांड."

त्या हिशेबानं अडुसष्टाव्या वर्षी मी या घरची लेक झालो. माझी हरकत नाही.

ताईनं प्रासित यांना कुंकू लावलं, ताटात दिवा ठेवून अनारसे पुढे केले आणि वाकून नमस्कार केला. प्रासित ताडकन उठले. त्यांच्याकडे वडीलधारं माणूस धाकट्यापुढे वाकत नाही, वाकलं तर फक्त भिख्खूपुढे. ते गुडघ्यांवर बसून तिच्याहून खाली वाकले. मग ती आणखी वाकली. शेवटी दोघांना हात देऊन उठवावं लागलं. मला वाटलं, झालं गेलं गोड झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं ताट बघितलं तर रिकामं. प्रासित अनयाला घेऊन पहाटेच थाई देवळात जाऊन आले होते.

"सगळे? एक पण नाही ठेवला?" ताईचा पारा चढला. "जावयाचं वाण कोणी वाटून टाकतं का? विचार त्यांना, गुरू!"

अनया मध्ये पडली, "आजी, ही थॉट इट वॉज फॉर द मंक्स! यू वर लाइक, बाउइंग आणि सगळं."

प्रासित हात जोडून इंग्रजीत म्हणाले, ते मी ताईला मराठीत सांगितलं: "पी-ताईंनी माझ्याकडे दान सोपवलं. ते मी पोचवलं. भिख्खूंनी मंत्र म्हटले आणि मी झाडाच्या मुळाशी पाणी सोडलं. दानाचं पुण्य घरातल्या गेलेल्या माणसाला द्यायचं असतं, म्हणून अनयाला आजोबांचं नाव विचारून घेतलं होतं. केशव." 'पी' म्हणजे त्यांच्या भाषेत थोरलं भावंड.

ताई मटकन खुर्चीत बसली. आमचे केशवराव, ताईचे यजमान, १९९८ च्या जानेवारीत गेले. दहाव्याला मागच्या डेकवर बर्फात पिंड ठेवला. कावळा आला नाही. आम्ही काचेमागून तास न् तास बघत राहिलो, आणि शेवटी एक खार आली आणि खाऊन गेली. गुरुजी म्हणाले, अमेरिकेत चालतं. ताईनं मान हलवली, पण तिला ते चाललं नाही. केशवराव तृप्त होऊन गेले नाहीत, हे तिच्या मनातून कधी निघालंच नाही. आम्ही कोणी तो विषय काढत नव्हतो. प्रासित यांना तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"यांच्या नावानं पाणी सोडलं?" तिनं विचारलं.

प्रासित यांनी मान हलवली.

"कुठलं झाड?"

ती घरातल्याच चपलांनी गाडीत जाऊन बसली. देवळामागे एक मेपल आहे. बुंध्याशी माती ओली होती. ताईनं झाडाला हात लावला आणि मोठ्यानं रडली. ते जाऊन नऊ वर्षं झाली, इतकं रडताना मी तिला तेव्हाही पाहिलं नव्हतं. प्रासित तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. मी इंजिनिअर माणूस, झडपा आणि दाब एवढंच मला समजतं. पण चुकून झालेल्या गोष्टीत एवढा अर्थ कुठून येतो, हे तिथे उभ्याउभ्या मला कळेना. मी भारावून गेलो होतो, आणि अजून आहे.

परतताना ताई म्हणाली, "गुरू, तुझं काही होणार नाही. पण झालंच, तर बटण ह्यांनाच दाबू दे. केदारला मी सांगते."

सबब माझ्या देहाचा ताबा प्रासित खामवान यांच्याकडे राहील. अग्नी तेच देतील. अस्थी मे पिंगला जातील. पाणी त्यांनी कुठल्याही झाडाखाली सोडावं, आणि माझं नाव पूर्ण घ्यावं.

कलम ६. आईच्या पाटल्या.

मी शाळेत असताना आई गेली, आणि जाताना तिनं सोन्याच्या पाटल्या माझ्याकडे दिल्या, "तुझ्या बायकोसाठी" म्हणून. त्यावरून ताई आणि मी अनेकदा भांडलो. थोरली मुलगी ती, सेवा केली तिनं, आणि पाटल्या न होणाऱ्या सुनेला. तिचं म्हणणं बरोबरच होतं. म्हणून काल रात्रीच्या मसुद्यात मी त्या ताईला लिहिल्या होत्या. आज सकाळी शंतनूनं साक्षीदार कोण असं विचारलं, तर ती म्हणाली, "मी."

"मावशी, तुम्ही विटनेस झालात तर तुमचं बिक्वेस्ट व्हॉइड होतं. पाटल्या मिळणार नाहीत."

"नकोत मला."

"पण साइन दुसरं कोणी पण करू शकतं ना."

"दुसऱ्यांची सही कशाला? उद्या कोणी विचारलं की घरच्यांना मान्य होतं का, तर काय दाखवाल? माझी सही दाखवा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आईनं ज्याच्यासाठी ठेवल्या, त्याला दे."

सबब पाटल्या प्रासित यांना. मनगटात जाणार नाहीत, पण त्याची काळजी आईला करू दे. ताईला या मृत्युपत्रानं काहीही मिळत नाही. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता, तो तिनं पुढे ढकलला.

कलम ७. अंमलबजावणी चि. शंतनू यांनी करावी. फी कापून घ्यावी, मावशी-काका करत सोडून देऊ नये.

हे सर्व मी वाचलं, मला समजलं, आणि मला आनंद झाला.

सही: गुरुदत्त नारायण शेवडे
स्थळ: शॉमबर्ग, इलिनॉय
तारीख: १६ जून २००७

साक्षीदार १: मी शेजारी राहते. भूलतज्ज्ञ म्हणून आयुष्यभर माणसं शुद्धीवर आहेत की नाहीत हेच बघितलं. हे पूर्ण शुद्धीवर आहेत.
सही: डॉ. रत्ना पेंढारकर

साक्षीदार २: माझ्या धाकट्या भावानं माझ्यासमोर सही केली. शंतनू म्हणतो इथे एवढंच लिहायचं असतं, पण मी आणखी लिहिणार आहे. प्रासित यांना मी ओळखते. ते आमच्या घरचे आहेत. सोमवारी इस्पितळात आत कोण जाणार असं विचारतील तेव्हा मी बाहेर बसेन, ते आत जातील.
सही: सुहासिनी केशव आगटे