शाईची सही नसलेला दाखला

३ जुलै

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

माझ्या कोर्टातल्या अर्जावरची तुमची हरकत वकिलांनी वाचून दाखवली. अक्षर अजून मोत्यासारखं आहे, पण मजकूर तुमचा वाटेना. हे परदेशातल्या ज्या बंदरात बुडाले, तिथलं नोंदणी कार्यालय मृत्यूचा दाखला ईमेलनेच पाठवतं. त्यावर शाईची सही नाही, शिक्का नाही, म्हणून तो पुरावाच नव्हे म्हणता! जन्म कोर्टाच्या नक्कल विभागात प्रती ताडून सह्या करण्यात काढलात, तुमच्याशी वाद काय घालू?

पण वडिलांची संमती किंवा ते नसल्याचा पुरावा, यांवाचून भिंगरीचा पासपोर्ट निघत नाही. परदेशातली नोकरी महिनाअखेरपर्यंतच माझी आहे आणि लेकीला सोडून मी जाणार नाही. बाबा, हरकत मागे घ्या. आजोबांनी कट्टी घेतली का, असं ती विचारते.

रागावलात तरी लोभ आटू देऊ नका.
तुमची,
सूनबाई

९ जुलै

चि. सौ. सूनबाईस अ. उ. आ.

कट्टी नाही, असं तिला सांग. तुझी वाट अडवायची हौस मला नाही. पण ज्यावर कुणाचा हातच फिरला नाही, अशा कागदावरून पोराला मेला म्हणू? शेवटचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. खरं सांगतो, कोर्टाने दाखला नाकारला तर तेवढे दिवस तो आहे. एवढाच माझा स्वार्थ. सुनावणीला येईन.

म्हाताऱ्यावर लोभ असू दे.
बाबा

२१ जुलै

चि. सूनबाईस अ. आ.

काल तुला न भेटताच घरी आलो, म्हणून लिहितो. न्यायाधीशबाई म्हणाल्या ते तू ऐकलंसच: त्या कार्यालयाची संगणकातली नोंद हीच अस्सल. फाइल पडद्यावर उघडली, डिजिटल सही जुळली, सहीनंतर एक अक्षरही बदललेलं नव्हतं. मग कशाच्या जोरावर अडून बसणार? हरकत मागे घेतली.

तू बाहेर गेल्यावर कारकुनाने त्या नोंदीची छापील प्रत मला पाहायला दिली. मी जुन्या सवयीने नाव, वडिलांचं नाव, तारीख पडद्याशी ताडून पाहिली, खाली ‘खरी नक्कल’ लिहिलं आणि सही ठोकली. कशावर केली, ते मग लक्षात आलं. तिथेच बाकावर बसून रडलो गं. कारकुनाने पाणी दिलं.

भिंगरीला घेऊन खुशाल जा. लोभ ठेव, मुलगा नसलेल्या या घराला अजून सासर म्हणत जा.
बाबा