राहून-जेवून

९ मार्च

तीर्थस्वरूप दादा,

नमस्कार. साष्टांग या खेपेला राहू दे, कंबर धरली आहे. बाकी इकडे ठीक. वहिनीच्या गुडघ्याला शेक चालू आहे ना? आळस करते ती.

‘सख्खी बहीण वसतिगृहात राहून-जेवून कामाला, लोक काय म्हणतील!’ असं लिहिलंस. अरे, राहून-जेवून म्हणजे काय ते आता मला विचार. जिन्याखालची खोली, पण दाराला आतून कडी. आठवड्याला सुट्टी. वर पगार.

पहिल्या दिवशी मात्र फजिती झाली. साठ मुली ताटं घेऊन बसलेल्या, मी वाढायला उभी, तर वॉर्डनबाई विचारतात, “तुम्ही जेवलात?”

“मी बसेन मागून.”

बाई अशा कडाडल्या! इथे स्वयंपाकिणीनं आधी जेवायचं, अर्ध्या तासानं मुलींना वाढायचं. अन्नात काही दोष असला तर आधी कळावा म्हणून. मुली चमचे बडवताहेत आणि मी त्यांच्यासमोर गरम भात खातेय. हसू नकोस, रडले मी. हे गेल्यापासून अकरा वर्षं तुझ्या घरी सगळ्यांच्या मागून, खरवडून जेवले. कुणी टाकून बोललं नाही, खरंय. जेवलीस का, हेही कुणी विचारलं नाही.

मी कंबरेच्या दुखण्यानं चिडून निघाले, असं वहिनी सांगत फिरते म्हणे. साफ खोटं. सूनबाईच्या माहेरची माणसं आली होती, मी चहा घेऊन आले. त्यांनी विचारलं, “या कोण?” तू पेपरातून मान वर न काढता म्हणालास, “ती होय, राहून-जेवून असते आमच्याकडे.”

बहीण म्हणायला तुझी जीभ रेटली नाही, दादा. मी कप मांडले, साखर विचारली आणि आत जाऊन पिशवी भरली.

आता सूनबाईचे दिवस भरत आले म्हणून बोलावतोयस. मी काही दूधखुळी नाही. येणार नाही. कामाला बाई ठेवा, आणि तिला वेळेवर जेवू घाला.

तुला यायचं तर रविवारी ये. घरच्या माणसाला इथे जेवता येतं, मी विचारून ठेवलंय. फाटकावरच्या वहीत नाव आणि नातं लिहावं लागतं. नातं स्वतःच्या हातानं, नीट लिही. टाळलंस, तर फाटकावरूनच परत पाठवीन.

तुझी सख्खी बहीण