मुलींचे सिनेमे, दुपारी दोन

शनिवार, ४ जुलै. संध्या. ५.४०
पडद्याची दोरी तिसऱ्यांदा सोडून बांधली, तरी डाव्या कोपऱ्यात सुरकुती. वाचनालयात आजपासून दर शनिवारी सहाला सिनेमा. सगळे मुलींच्या वाढत्या वयावरचे. निवड ग्रंथपाल कुलकर्णीबाईंची; मी त्यांचा मदतनीस, दारातला जाहिरातीचा फळा माझ्या हातचा.

त्याच दिवशी, नंतर
पेपर वाचणारे आजोबा आले. कॉलेजचे दोन मुलगे. मुलगी एकही नाही! वाचनालयाचे कार्यवाह म्हणाले, "पुढच्या शनिवारी मुली दिसल्या नाहीत तर बंद."

रविवार, ५ जुलै
धाकटी बहीण शैला, अठरा वर्षांची, अम्माबरोबर घरी विड्या वळते. ऐकून हसत सुटली. "अन्ना, सहाला नळाला पाणी येतं. कोण येईल?"
रोज तिला हंडे भरताना बघतो, तरी सुचलं नाही.
"दुपारी दोनला ठेव. पण आम्ही पोरी विड्यांची सुपं घेऊन येणार. दिवसाच्या विड्या कोण वळणार, तू?"
"अंधारात?"
"पानं आधी कापून ठेवू की. वळायला बोटं लागतात, डोळे कशाला?"
बाई फोनवर लगेच हो म्हणाल्या. फळा पुसला. नवीन लिहिला. पुन्हा तपासला.

शनिवार, ११ जुलै
काय दिवस!
दोनला खिडक्यांतून लख्ख ऊन. गल्लीतून चादरी मागून आणल्या, आपल्या सोलापुरी, जाड. खिळ्यांना टांगल्या. गुडूप अंधार.
वीसेक मुली सतरंजीवर, मांडीत सूप. सिनेमा नदी पोहून जायला निघालेल्या मुलीचा. तिनं उडी मारली आणि खोलीतली सगळी बोटं थांबली.
"बुडंल की गं!"
"न्हाय बुडत. गप बस!"
पलीकडे पोचली तेव्हा इतका ओरडा झाला, की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. मीपण ओरडलो. बहुतेक.
दिवे लागले. सतरंजीवर तंबाखूची भुकटी. कार्यवाह दारात. "हे वाचनालय हाय का विडीचा कारखाना?"
बाई म्हणाल्या, "मुली हव्या होत्या ना? त्या कामासकट येतात."
सोमवारी कार्यकारिणीच्या सभेत निर्णय. सूप आत आणायचं नाही असं ठरलं, तर एकही येणार नाही. काम टाकून दोन तास बसायला कुठल्या घरची माणसं सोडतील?

सोमवार, १३ जुलै. दु. ४.४५
सतरंजी झटकली, पुसली, उन्हात घातली. वास जात नाही.
सकाळी शैला म्हणाली, "सभेला आम्ही येणार."
"तुम्हाला कुणी बोलावलंय?"
"त्या पोरीला नदीनं बोलावलं होतं?"
सभेच्या खोलीत दहा खुर्च्या जास्त नेऊन मांडल्या. कार्यवाहांनी आत्ताच विचारलं, "या कुणासाठी?"
जिन्यात चपलांचा आवाज येतो आहे, खूप जणींचा.