लाल फितीचं रोप

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

आधीच सांगतो, नोकरी शाबूत आहे. नवे वाण निवडताना रोपवाटिकेतल्या हजारो गुलाबरोपांतून आम्ही पाच-दहाच राखतो. लाल फीत बांधलेली उपटली जातात. पंधरवड्यापूर्वी शाळेतली कविता गुणगुणत मी सगळ्यांत देखण्या रोपालाच लाल फीत बांधली! हातभर दांडा, फुलाला पहाटेच्या आभाळाचा रंग. तेही उपटलं गेलं; ढिगाऱ्यातून शोधून तेव्हाच पुन्हा लावलं. साहेब म्हणाले, "आजोबा, हे जगलं तर तुम्ही राहाल."

रोज कामावर गेलो की आधी तेच पाहायचो. आज कोंब फुटला! साहेब हसले, "आता गाणं जेवणाच्या सुट्टीत."

तुझे गुडघे कसे आहेत? त्या कवितेचं शेवटचं कडवं आठवेना, तेवढं लिहून पाठव. वाचताना हातात फीत धरणार नाही.

तुझा वेंधळा भाऊ